हलवलेल्या पियानोला मुदत द्या

मुंबईत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा जो सपाटा सध्या चालला आहे, त्यात माणसांच्या बिऱ्हाडांबरोबर ज्या वस्तूंना आपली जागा सोडावी लागते, त्यांत हलवण्यास सर्वांत अवघड आणि तरीही सर्वांत उपेक्षित वस्तू म्हणजे पियानो. वांद्रे, माझगाव, गिरगाव, भायखळा, दादरची पारशी वसाहत अशा भागांतील ख्रिस्ती आणि पारशी घरांत, व क्वचित हिंदू घरांतही, दोन-दोन तीन-तीन पिढ्या एकाच भिंतीशी उभे असलेले पियानो आता जिन्यावरून खाली उतरवले जात आहेत. काही भाड्याच्या तात्पुरत्या जागेत जातात, काही ठाण्याला किंवा वसईला, काही पुण्यास मुलाकडे, तर काही गोव्याच्या मूळ घराकडे रवाना होतात. आणि कित्येक भंगारवाल्याकडे लाकडाच्या व बिडाच्या भावाने विकले जातात. या शेवटच्या प्रकाराबद्दल मला आज लिहावयाचे आहे. कारण अशा रीतीने घराबाहेर पडणाऱ्या वाद्यांपैकी पुष्कळांचा निकाल ‘हलवताना बिघडला’ या एका वाक्यात लागलेला असतो, आणि ते वाक्य बहुधा कोणत्याही चौकशीवाचून उच्चारलेले असते.

घर बदलल्यावर पियानोचा सूर उतरला, एखादी पट्टी दाबल्यावर वर येईनाशी झाली, पेडलाने काम सोडले किंवा एखाद्या स्वराबरोबर कोठूनतरी थरथराट ऐकू येऊ लागला, की घरातील मंडळी बहुधा दोन गोष्टी करतात. एक तर हमालांना दोषी ठरवून त्यांची मजुरी अडकवून ठेवतात. आणि दुसऱ्याच दिवशी ट्यूनरला पाचारण करून वाद्य लावून घेतात, व महिन्याभराने ते पुन्हा उतरले म्हणजे त्याचे आयुष्य संपले असे मानून मोकळे होतात. या दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वाद्याने साठ-सत्तर वर्षे एका कुटुंबाची बिनतक्रार सेवा केली, त्याला स्थलांतरानंतर निदान काही आठवड्यांची मुदत आणि एक रीतसर चौकशी मिळालीच पाहिजे. कारण स्थलांतरानंतर जे दोष दिसतात त्यांतील बहुतेक वाटेत झालेले नसतात, आणि जे वाटेत झालेले असतात ते पुष्कळदा अर्ध्या तासात दूर होण्याजोगे असतात.

ज्यांनी पियानो कधी आतून पाहिलेला नाही, त्यांना हे विधान धाडसाचे वाटेल. बाहेरून दिसते ती गुळगुळीत लाकडाची एक जड पेटी. परंतु त्या पेटीच्या आत बिडाची एक अखंड चौकट असते, तिच्यावर सुमारे २३० पोलादी तारा ताणलेल्या असतात, आणि त्या सर्व तारांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो. १७०० सालच्या सुमारास फ्लॉरेन्स येथे मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने पहिले पियानो घडवले, तेव्हा त्यांत असली चौकट नव्हती. सारा भार लाकडावर होता आणि त्यामुळे ताराही बारीक व कमी ओढीच्या होत्या. पुढे १८२५ साली बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉक याने एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत पियानो हे आजच्यासारखे बलदंड वाद्य झाले. प्रत्येक तारेचे एक टोक ज्या पोलादी खुंटीला गुंडाळलेले असते, ती खुंटीसुद्धा आपल्या तंबोऱ्याच्या खुंटीसारखी नुसत्या हाताने फिरत नाही. टणक लाकडाचे थर एकमेकांस चिकटवून केलेल्या जाड फळीत ती घट्ट ठोकलेली असते, आणि तिला केसभर हलवण्यास लांब दांड्याची किल्ली व कमावलेले मनगट लागते. अशी खुंटी बोरघाटात टेम्पोला बसलेल्या हादऱ्याने आपोआप फिरेल, हे संभवनीय नाही.

मग सूर ढळतो तो कशाने? तो हवेने ढळतो. उभ्या पियानोत पाठीशी आणि ग्रँड पियानोत तळाशी स्प्रूस जातीच्या लाकडाची एक विस्तीर्ण, जेमतेम एक सेंटिमीटर जाडीची फळी असते, तिला कारागीर साउंडबोर्ड म्हणतात. वाद्याचा सारा नाद तिच्यातून निघतो. ही फळी सपाट नसते. तारांच्या बाजूस तिला किंचित फुगवटा दिलेला असतो आणि त्या फुगवट्यावर बसवलेली घोडी तारांना आतून रेटून धरते. दमट हवेत लाकूड ओल शोषते, फळी फुगते, घोडीचा रेटा वाढतो, तारा अधिक ताणल्या जातात आणि सूर चढतो. कोरड्या हवेत हाच क्रम उलटा होऊन सूर उतरतो. पियानोच्या लाकडाला मानवते ती सापेक्ष आर्द्रता ढोबळमानाने ४० ते ५० टक्क्यांची. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्याही खाली येते, तर मुंबईत आषाढ-श्रावणात ८० टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस रेंगाळते. तेव्हा डेक्कन जिमखान्यावरील कोरड्या खोलीतून वरळीच्या समुद्रासमोर आलेला पियानो, किंवा मडगावच्या कौलारू घरातून पुण्याच्या एखाद्या सदनिकेत गेलेला पियानो, केवळ एका गावातून दुसऱ्या गावात गेलेला नसतो. त्याच्या लाकडाला एका हवेचा संसार मोडून दुसऱ्या हवेत तो नव्याने मांडावयाचा असतो. फार कशाला, मुंबईतल्या मुंबईतही चौदा फूट उंचीच्या, चारी बाजूंनी वारा खेळणाऱ्या दिवाणखान्यातून जो पियानो वातानुकूलन यंत्र रात्रंदिवस चालू असलेल्या बंद खोलीत येतो, त्याला हवेचा पालट याहून निराळा भोगावा लागत नाही.

लाकूड हा पालट एका रात्रीत पचवीत नाही. त्याला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर वाद्य हलवले असेल तर त्याहूनही अधिक. या मुदतीच्या आत ट्यूनरला बोलावून वाद्य लावून घेणे म्हणजे जमीन हलत असताना तिच्यावर मोजणीचे दगड रोवण्यासारखे आहे. त्याचे श्रम आणि आपले पैसे दोन्ही वाया जातात, आणि दोष मात्र वाद्याच्या किंवा त्या बिचाऱ्या कारागिराच्या माथी बसतो. म्हणून मी आग्रहाने सांगेन की पियानो नव्या जागी ठेवल्यावर निदान तीन आठवडे त्याच्या सुराविषयी कोणताही निर्णय करू नये. वाजवावा मात्र खुशाल. जूनमध्ये घर बदलले असेल, तर खरा निर्णय दसरा उलटून हवा कोरडी होऊ लागल्यानंतरच करावा.

सूर हवेने ढळला की खुंटी सैल झाल्याने, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे, आणि ज्याचा कान तंबोरा लावण्याइतपत तयार आहे त्याला ती सहज करता येते. पियानोच्या मधल्या आणि वरच्या भागात एकेका स्वरासाठी तीन-तीन तारा असतात, खर्जाकडे दोन, आणि अगदी तळाशी तांब्याने मढवलेली एकेक जाड तार. हवेचा परिणाम झाला असता मधल्या सप्तकांचा भाग एकत्रितपणे वर किंवा खाली सरकतो आणि खर्जाच्या तारा मागे राहतात. त्यामुळे डाव्या हाताचा षड्ज उजव्या हाताच्या षड्जाशी जुळत नाही, परंतु एकाच पट्टीच्या तीन तारा आपापसांत बऱ्याच अंशी एकमताने बोलतात. याउलट आजूबाजूचे स्वर शाबूत असून एकाच पट्टीच्या तीन तारांत फूट पडली असेल, स्वर लाटांसारखा हेलकावे घेऊ लागला असेल, तर त्या तारेच्या खुंटीकडे संशयाने पाहण्यास जागा आहे. आणि असे स्वर दोन-चार नसून सर्वत्र विखुरलेले असतील, तर खुंट्यांची फळीच सुकली किंवा चिरली असण्याचा संभव असतो. मात्र तो रोग पूर्वीचा असतो, प्रवासाने तो केवळ उघडकीस येतो.

लांबच्या प्रवासाने पियानो मरतो या समजुतीला इतिहासाचाही आधार नाही. १८१७ सालच्या डिसेंबरात लंडनच्या टॉमस ब्रॉडवुड याने बेटहोफेनला एक ग्रँड पियानो भेट म्हणून पाठवला. तो जहाजाने त्रिएस्तेच्या बंदरात उतरला, आणि तेथून डोंगराळ मुलखातल्या त्या काळच्या रस्त्यांवरून गाडीने व्हिएन्नाला पोहोचला. एकसंध बिडाची चौकट तेव्हा निघाली नव्हती, मालमोटारीच्या स्प्रिंगा नव्हत्या, वाद्य गुंडाळण्यास आजच्यासारखे साहित्यही नव्हते. असे असूनही ते वाद्य बेटहोफेनने अखेरपर्यंत आपल्याजवळ ठेवले, पुढे ते फ्रान्झ लिस्टच्या मालकीचे झाले, आणि आज ते बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या मानाने वांद्र्याहून ठाणे किती दूर!

परंतु वाटेत काहीच होत नाही असे माझे म्हणणे नाही. जे होते ते पाहण्याचा एक क्रम आहे. प्रथम वाद्य जमिनीवर सारखे टेकले आहे की नाही ते पाहावे. ग्रँड पियानोला तीनच पाय, त्यामुळे तो कोठेही बसतो. पण चार टेकूंवर उभा राहणारा पियानो उंचसखल फरशीवर किंचित पिळवटतो, आणि तो पीळ सुरातही उतरतो. एका चाकाखाली लाकडाची पातळ चकती सरकवणे एवढाच त्याला उपाय. त्यानंतर खालची फळी काढावी. बहुतेक उभ्या पियानोंत ही फळी वरच्या बाजूस एका पोलादी स्प्रिंगेने अडकवलेली असते. स्प्रिंग दाबली की फळी हातात येते आणि पेडलांचा सारा कारभार समोर दिसतो.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाचा पियानो वांद्र्याच्या जुन्या घरातून ठाण्यास सहाव्या मजल्यावर गेला, तेव्हा उजवे पेडल दाबले असता नुसते खाली-वर होई आणि त्याचा काही परिणाम होत नसे. शिवाय मधल्या सप्तकातील एक पांढरी पट्टी दाबली की दबलेलीच राही. हमालांनी वाद्य आपटले असा त्या घरी सर्वांचा ग्रह झाला आणि मुकादमाची अर्धी मजुरी अडकवून ठेवण्यात आली. महिन्याभराने एक वयोवृद्ध ट्यूनर आले. त्यांनी खालची फळी काढली, तो आत दोन-अडीच फूट लांबीची एक बारीक लाकडी काठी कोपऱ्यात तिरपी पडलेली आढळली. पेडलाची हालचाल वर, तारांचा नाद थांबवणाऱ्या डँपरांपर्यंत पोहोचवणारी ती हीच. जिन्यावर वाद्य कलते झाले तेव्हा ती आपल्या खिळीवरून निसटली होती. त्यांनी ती पुन्हा खिळीवर उभी केली आणि पेडल पूर्ववत चालू लागले. मग समोरची पट्टिका काढून त्यांनी अडकलेली पट्टी उचलली, आणि तिच्याखालून हिरवट पडलेले चार आण्यांचे एक नाणे बाहेर काढले. ते कोणत्या पिढीतील मुलाच्या हातून पट्ट्यांच्या फटीत पडले होते आणि किती वर्षे निरुपद्रवी कोपऱ्यात निजले होते, कोण जाणे. वाद्य तिरपे झाले आणि ते घरंगळत येऊन पट्टीखाली अडकले. मुकादमाची राहिलेली मजुरी त्यानंतर घरपोच झाली, आणि ती देताना घरच्या यजमानांनी त्याची क्षमाही मागितली, हे नमूद करण्याजोगे आहे.

अडकलेल्या पट्टीची चौकशी करताना पट्टी अडकली आहे की तिने उडवलेली हातोडी, हे आधी ठरवावे. वरचे झाकण उघडून पट्टी दाबावी आणि हलकेच बोटाने उचलून पाहावी. पट्टी मोकळी खेळत असून हातोडी तारांजवळच लटकून राहिली असेल, तर तिच्या सांध्यातील लोकरीचे अस्तर ओलीने फुगून सांधा आवळलेला आहे. पट्टी स्वतःच जड झाली असेल, तर ती ज्या खिळीभोवती वरखाली होते त्या भोकातील अस्तर फुगलेले आहे, किंवा ती शेजारणीला घासते आहे, किंवा समोरची लांब पट्टिका वाहतुकीत मागे सरकून सगळ्याच पट्ट्यांच्या तोंडाला लागते आहे. या शेवटच्या दोषाला पट्टिकेमागे पुठ्ठ्याचा एक तुकडा पुरतो. अस्तर फुगले असेल तर कित्येकदा हवा कोरडी होताच ते आपोआप बसते. न बसल्यास कारागीर खास चिमट्याने ते दाबून देतो, सांध्याची खीळ बदलतो, आणि काम होते. येथे एका घातक सवयीविषयी कळकळीने बजावले पाहिजे. पट्टी अडकली की तिच्या फटीत शिवणयंत्राचे तेल सोडण्याची, किंवा गंज काढण्याचा फवारा मारण्याची वहिवाट आपल्या पुष्कळ घरांत आहे. पियानोच्या यंत्रणेत तेलाला जवळजवळ कोठेच स्थान नाही. ते नमद्यात मुरते, धूळ धरते, वर्षा-दोन वर्षांत चिकट होऊन बसते, आणि जो सांधा फुकट सुटला असता तो मुळापासून बदलावा लागतो.

थरथराटाची तक्रार आली असता वाद्याआधी खोलीची झडती घ्यावी. नव्या घरात काचेचे कपाट निराळ्या जागी असते, खिडकीचे तावदान सैल असते, पियानोवर छायाचित्रांच्या चौकटी मांडलेल्या असतात, आणि यांपैकी कोणतीही वस्तू एका विशिष्ट स्वराला नेमकी थरथरते. एकाने तो स्वर वाजवीत राहावे आणि दुसऱ्याने एकेका वस्तूवर हात ठेवीत जावे. हात ठेवताच आवाज थांबला की गुन्हेगार सापडला. खोली निर्दोष ठरली तर झाकणाच्या बिजागऱ्या, स्वरलिपी ठेवण्याच्या फळीचे स्क्रू आणि मागील बाजूस साउंडबोर्डवर पडलेली एखादी पेन्सिल यांकडे वळावे. साउंडबोर्डला बारीक चीर दिसली तरी घाबरण्याचे कारण नाही. कित्येक उत्तम पियानो चिरलेल्या साउंडबोर्डनिशी वर्षानुवर्षे गोड वाजतात. फळीमागच्या लाकडी दांड्या तिच्यापासून सुटल्या असतील तरच ती चीर खडखडते, आणि तेही सरसाने जोडता येते. आणखी एक गैरसमज नेहमी आढळतो. अगदी वरच्या, सुमारे दीड सप्तकाच्या पट्ट्यांचा नाद बोट उचलल्यावरही रेंगाळतो, हा बिघाड नव्हे; त्या आखूड तारांचा नाद मुळातच अल्पजीवी असल्याने तेथे डँपर बसवलेलेच नसतात.

खरोखर गंभीर म्हणावेत असे दोष थोडे आहेत. बिडाची चौकट तडकली, तर बहुतेक वाद्यांच्या बाबतीत तो शेवटच होय. घोडी चिरून तिच्यातील खिळ्या सैल झाल्या, खुंट्यांची फळी सर्वत्र निकामी झाली, वाळवीने मुख्य चौकट पोखरली, तर दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीवर जातो, आणि तेथे ममतेने डोळे झाकण्यात अर्थ नाही. कसरीने खाल्लेला नमदा, उंदरांनी कुरतडलेल्या फिती, गंजलेल्या तारा हे मात्र बदलण्याजोगे भाग आहेत. जुन्या, गंज चढलेल्या तारांच्या वाद्याबाबत माझे एक मत आहे, आणि ते सर्वांना पटेलच असे नाही: १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरलेल्या ४४० कंपनांच्या पट्टीपर्यंत त्याला ओढून नेण्याचा हट्ट धरू नये. अर्ध्या स्वराने खाली, पण आपल्याशी जुळता लावलेला पियानो घरात एकट्याने वाजवणाऱ्याला आयुष्यभर पुरतो. तोच ४४० वर नेण्याच्या भरात तारा पटापट तुटू लागतात. व्हायोलिन किंवा बासरीच्या साथीला बसावयाचे असेल तर गोष्ट निराळी. त्या वेळीही जाणता ट्यूनर वाद्य एका बैठकीत वर नेत नाही. आधी ढोबळ चढवतो, ताण सर्वत्र वाटला जाऊ देतो, आणि मग बारकाईने लावतो.

हमालांविषयी थोडे. उभ्या पियानोचे वजन २०० ते २५० किलो, लांबी दीड मीटरच्या आसपास. नव्या इमारतींच्या लहान लिफ्टमध्ये तो बहुधा मावत नाही, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर तो चार-सहा माणसांच्या खांद्यावर आणि मुकादमाच्या शब्दावर फिरतो. आपल्या राज्याने १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो या श्रमांत अंगमेहनतीइतकेच कौशल्य आणि जोखीम असते हे ओळखूनच केला असे मी मानतो. पियानो त्याच्या लहान पितळी चाकांवर फरशीवरून ढकलण्यास मालकच सांगतात आणि चाक मोडले की हमालाला धरतात, हे मी पाहिले आहे. ती चाके शोभेची आहेत. वाद्य चाकांच्या भक्कम पाटावर चढवूनच सरकवले पाहिजे. ग्रँड पियानोचे पाय आणि पेडलांचा सांगाडा काढून, तो सरळ बाजूवर उभा करून, गोधड्यांत बांधून न्यावयाचा असतो, आणि त्याला जाणकार टोळीच हवी. वाद्य निघण्यापूर्वी मालकाने त्याच्या सगळ्या पट्ट्या एकदा वाजवून त्या वेळचे दोष कागदावर टिपून मुकादमाच्या देखत ठेवले, तर नंतरच्या निम्म्या फिर्यादी उद्भवणारच नाहीत.

नव्या घरात वाद्य कोठे ठेवावे, यावर त्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते. पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीशी, पश्चिमेच्या उन्हात किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतात ते ठेवू नये. आतल्या भिंतीशी, मागे वीतभर जागा सोडून ठेवावे. विलायतेतील कारखानदार वसाहतींकडे पाठवावयाच्या पियानोंत सरसाच्या जोडांवर विसंबून न राहता पितळी स्क्रू घालीत, कारण दमट हवेत सरस सुटतो हे त्यांना ठाऊक होते. मुंबईच्या जुन्या घरांत पावसाळाभर पियानोच्या तळाशी कमी शक्तीचा एक दिवा जळत ठेवण्याची रीत होती. त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राही. आता त्या जागी कोणी नव्या पद्धतीचा एलईडी दिवा लावतो, आणि त्याला ऊबच नसल्याने उपयोग शून्य होतो. पियानोसाठी तयार मिळणाऱ्या आर्द्रतानियंत्रक दांड्या महाग असल्या तरी सुरक्षित आहेत. त्या न परवडल्यास ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या आत टांगून त्या वरचेवर वाळवाव्यात.

हे सर्व झाले तरी अखेरीस एका जाणत्या माणसाची गरज उरतेच, आणि खरी चिंता तेथे आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या घराण्यांचा आपण अभिमान बाळगतो, त्यांच्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपल्याला आनंद झाला, आणि तो योग्यच होता. पण ज्या शहरात मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, ज्या शहराच्या चित्रपटांत १९४९ च्या ‘अंदाज’पासून पियानो हे जणू एक पात्रच होऊन बसले, आणि ज्याच्या ध्वनिमुद्रणशाळा गोव्याच्या वादकांनी दशकानुदशके गजबजून ठेवल्या, त्या शहरात पियानो लावणाऱ्याची विद्या अजून घराण्याच्या आणि ओळखीच्या आधारावर तग धरून आहे. वयस्कर ट्यूनर निवृत्त झाला की त्याचे यजमान दुसऱ्याचा पत्ता शोधत फिरतात. सुतारकाम, धातुकाम आणि कान या तिहींची मागणी करणारा हा व्यवसाय आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून त्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवला, आणि मुंबई व गोवा येथील अनुभवी कारागिरांना तेथे मानाने शिकवण्यास बोलावले, तर शिकून निघणाऱ्या तरुणाला काम कमी पडणार नाही असा मला भरवसा आहे. पियानोच नव्हे, हार्मोनियमचे काम करणाऱ्यालाही त्यातील अर्धी विद्या उपयोगी पडेल.

पुनर्विकासाच्या करारनाम्यांत विकासकाने भाड्याची आणि सामान हलवण्याच्या खर्चाची तरतूद करावयाची असते. ज्या घरात पियानो आहे तेथे या तरतुदीत वाद्यासाठी जाणकार टोळीचा खर्च, तात्पुरत्या जागेत एकदा आणि नव्या घरात परतल्यावर एकदा असे दोन वेळा ते लावून घेण्याचा खर्च, आणि मधल्या काळात जागा अपुरी असल्यास ते कोरड्या जागी ठेवण्याचे भाडे, या बाबी नावानिशी दाखल केल्या पाहिजेत. इमारतीच्या एकंदर खर्चात ही रक्कम नजरेत भरण्याजोगी नाही. शाळा आणि चर्च यांनाही हेच लागू आहे: पियानो भेट मिळाल्याचा समारंभ होतो, पण वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा संपून हवा स्थिरावल्यावर आणि एकदा फाल्गुनात, तो लावून घेण्याची रक्कम अंदाजपत्रकात कोठेच नसते. वांद्र्यापासून गिरगावापर्यंत ज्या सोसायट्यांच्या सभा सध्या या करारांवर चालू आहेत, त्यांच्या चिटणीसांनी पुढील मसुदा वकिलाकडे जाण्यापूर्वी आपल्या इमारतीत किती पियानो आहेत आणि ते कोणाचे आहेत, याची यादी त्याला जोडावी.